देवीचा उजवा कौल

उंबरोंडीची शाळा वाघजाईच्या देवळात भरत असे. अगदी गाभाऱ्यात नव्हे, समोरच्या सभामंडपात. सरकारने गावाला शाळा दिली, मास्तर दिला, एक फळा दिला, खडूची पेटी दिली. भिंती आणि छप्पर तेवढं द्यायचं राहून गेलं. ते गावाने द्यावं असं ठरलं, आणि पाटलांचं घर सोडलं तर गावात देवळाखेरीज पक्कं असं काही नव्हतंच. बाकी सगळी पेंढ्याने शाकारलेली घरं.

तो मास्तर म्हणजे मी. जातीचा सोनार, पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकलेला, अंगात रग भरपूर आणि पगार बेताचा. उंबरोंडी कर्जत आणि खालापूर यांच्या मधे, डोंगराच्या पायथ्याशी. आगगाडी घाट चढू लागल्याला तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील. रात्री वारा इकडचा असला की इंजिनाची शिटी गावात ऐकू येई. मालोजी पाटलांच्या पडवीत माझं बिऱ्हाड होतं आणि त्यांच्या धाकट्या सुनेच्या हातचं मी जेवत होतो.

सकाळी पदू गुरव गाभाऱ्याचं दार उघडी, समई लावी, आणि मुलं देवीसमोर हात जोडून प्रार्थना म्हणत. मग पाढे. आता मी पडलो सरकारी नोकर. सरकार कोणाच्या धर्मात हात घालणार नाही आणि कोणाच्या धर्माची बाजूही घेणार नाही, असं राणीसाहेबांनी जाहीर केलेलं. ते आमच्याकडून कॉलेजात घोकून घेतलं होतं. सरकारी शाळेत प्रार्थना बसत नाही हे मला चांगलं ठाऊक होतं. पण देवीच्या डोळ्यांसमोर बसायचं आणि तिला नमस्कार करायचा नाही, हे मी त्या गावाला कोणत्या तोंडाने सांगणार? मीसुद्धा हात जोडत होतो.

शाळाखात्याच्या हुकमात ते कलम होतं आणि आणखीही एक होतं. सरकारी शाळा सर्व जातींच्या मुलांना खुली. दोन्ही कलमं एकाखाली एक लिहिलेली. ज्या कोणी ती लिहिली त्याने देवळात भरणारी शाळा आयुष्यात पाहिलेली नसावी.

दिवाळी झाली, खळ्यांवर भात झोडायला सुरुवात झाली, तेव्हा एका सकाळी मंडपाच्या खाली, पायऱ्यांपासून चांगली लांब, एक बाई येऊन उभी राहिली. मुलं कुजबुजली, "बायजा म्हारीण." मी बाहेर गेलो.

"जोहार, मास्तरबाबा," ती म्हणाली. "माज्या सदूला साळंत घ्या."

बायजाचा नवरा हिरामण घाटातल्या रेल्वेच्या कामावर होता. गाडी सुरू झाल्यावरही बोगद्यांची कामं चालूच होती; तिथल्याच एका सुरुंगात तो गेला. गावातली वेसकरकी त्याच्या घराकडे होती, म्हणजे वेशीवर राखण करायची, पाटलांचे निरोप घेऊन धावायचं, मेलेलं ढोर ओढायचं आणि गावाला नको असलेलं सगळं गावाबाहेर नेऊन टाकायचं. हिरामण गेल्यावर ते काम त्याचा भाऊ बघत होता. सदू मोठा झाला की ते त्याच्या गळ्यात पडणार होतं.

"कर्जताच्या मुकादमानं मला सांगितलंय," बायजा म्हणाली. "साळंचा दाखला आन, पोराला लिवाया-वाचाया येऊ दे, म्हंजी बापाच्या नावावर रेलवेत सांधेवाला, रूळ बदलनारा, म्हनून लावतो. नायतर हितं वेसकरकी हायेच. मला ती नको हाय, मास्तर. माज्या पोराच्या डोक्यावर मला गावाची घान नको."

इतकं सरळ बोलणारं माणूस मला त्या गावात भेटलं नव्हतं. मी म्हणालो, "बायजाबाई, सरकारचा हुकूम आहे. शाळा सर्वांना खुली आहे."

हे मी छाती फुगवून सांगितलं. मग वळून मंडपाकडे पाहिलं आणि माझी छाती जागच्या जागी आली. मंडप सरकारचा नव्हता.

त्या संध्याकाळी मी पाटलांकडे विषय काढला. मालोजी पाटील म्हणजे अंगाने आडवे, बोलायला गोड आणि मनाने भित्रे. भित्रे म्हणजे माणसांना भिणारे नव्हेत. देवीला, सरकारला आणि जातीला. त्यांनी कानावर हात ठेवले. "मास्तर, माजं काय म्हननं नाय. पर मंडप देवीचा हाय. मी कोन सांगनार?"

दुसऱ्या दिवशी हेच मी बायजाला सांगितलं. मला वाटलं, रडेल, जाईल. ती तडक पाटलांच्या अंगणाबाहेर जाऊन उभी राहिली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी बोलली.

"पाटीलबाबा, मंडप देवीचा हाय ना? मंग देवीला इचारा की! होळीचा इस्तव आमच्या दारातनं नेता. पालखीच्या म्होरं वाजाप आमचं. तवा देवीला आमचा इटाळ होत नाय. कौल लावा. ती नाय म्हनली तर मी परत तोंड दाखवनार नाय."

पाटलांना नाही म्हणता येईना. उंबरोंडीत कौलाशिवाय पान हलत नसे. पेरणी कधी करायची, विहीर कुठे खणायची, पोरगी कुठे द्यायची, सगळं कौलाने. पाटलांची धाकटी सून कौलाने आली होती. तिच्या तोंडाच्या पट्ट्याने सगळं घर टेकीला आलेलं, पण देवीने दिलेली म्हणून तिला चकार शब्द बोलायची कोणाची टाप नव्हती.

"लावू," पाटील म्हणाले. देवी काय सांगणार याबद्दल त्यांच्या मनात शंका दिसली नाही.

कौलाची रीत अशी. गुरव देवीला न्हाऊ घालतो आणि ओल्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक पाकळी चिकटवतो. मग प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. उजवी पाकळी आधी पडली तर देवीचं हो. डावी पडली तर नाही. एका प्रश्नाला कौल एकदाच.

मंगळवारी सकाळी सगळा गाव मंडपात जमला. महारवाडा खाली उन्हात उभा राहिला. बायजा पुढे होती आणि सदू तिच्या लुगड्याला धरून. पदू गुरवाने पाकळ्या लावल्या. पाटलांनी पागोटं काढून बाजूला ठेवलं आणि हात जोडले.

"आई वाघजाय, हिरामन म्हाराचं पोर तुज्या मंडपात साळंला बसाया मागतंय. बसवावं तर उजवी दे. नाय तर डावी दे."

मी काही पाकळ्यांवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हे. पाणी कसं सुकतं, ओली वस्तू कशी चिकटते आणि कशी सुटते, हे मी कॉलेजात शिकलो होतो. आपण ज्याला शास्त्र म्हणतो ते शिकलेला मी, आणि एका पोराचं जन्माचं भलंबुरं एका पाकळीवर टांगलेलं बघत बसलो होतो. राग येत होता. आणि रागाबरोबर मनातल्या मनात म्हणतही होतो, आई, उजवी दे.

बराच वेळ काही झालं नाही. मग डावी पाकळी जरा कलली आणि तशीच राहिली. मागून कोणीतरी सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यात उजवी पाकळी सुटली आणि देवीच्या पायाशी पडली.

"उजवा!" पदू ओरडला, आणि आपण काय ओरडलो हे कळून घाबरला.

मंडपात एकच गलका झाला. कमळ्या म्हणून एक तरणा शेतकरी पुढे आला. "डावी हालली व्हती आदी. परत लावा!"

"परत लावाया ती काय तुजी बायको हाय?" पदू म्हणाला. तो हडकुळा, सगळ्यांचं ऐकून घेणारा माणूस. पण गाभाऱ्यात उभा असला की कोणाच्या बापाचं ऐकत नसे. "एकदा बोलली ती बोलली."

सगळे पाटलांकडे बघू लागले. खरं सांगतो, हा माणूस आता काहीतरी पळवाट काढणार अशी माझी खात्री होती. पाटलांनी उंबऱ्यावर डोकं टेकलं. उठले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"देवीचं झालं," ते म्हणाले. "बायजे, उंद्यापास्नं पोराला धाड."

मी त्यांना मनातून कितीतरी नावं ठेवली होती. ती त्या क्षणी परत घेतली. कौल उजवा पडला म्हटल्यावर त्यांच्यापुरता प्रश्न मिटला होता. खांबाशी बसायचं, बाजूच्या पायरीने यायचं, पाण्याला शिवायचं नाही, अशा दोन-चार अटी त्यांनी घातल्या. मी त्या दातओठ खाऊन ऐकल्या. बायजाने एकही ऐकली नसावी. ती देवीला दंडवत घालत होती.

सदू आला. फार हुशार वगैरे नव्हता. त्याचा अ विळ्यासारखा निघे आणि ग नेहमी आडवा पडे. बोलायचा नाही. पण प्रार्थनेच्या वेळी सगळी मुलं डोळे मिटून उभी राहिली की हा एकटा डोळे टक्क उघडे ठेवून गाभाऱ्यात बघत राही. मी एकदा दटावणार होतो. मग लक्षात आलं, त्याच्या घरातल्या कोणी देवीला इतक्या जवळून पाहिलेलंच नव्हतं. वर्षातून एकदा पालखीत बसलेला मुखवटा, तोही गर्दीच्या पाठीमागून.

शाळा सुटायच्या वेळी बायजा खाली येऊन उभी असे. पोरगा काय शिकला हे ती आधी विचारत नसे. "आज कंचं लुगडं नेसली व्हती रं? नथ केवढी हाय? हसते काय?" मी वह्या आवरत ऐकत असे. सदू सांगे, "हसत नाय. बघते." मग ती पाटी हातात घेऊन तो विळ्यासारखा अ निरखून बघे आणि पदराने पाटीची कड पुसे. अक्षर पुसलं जाऊ नये म्हणून कडच पुसायची. मला त्या दिवसांत नोकरीचा अभिमान वाटत होता. सरकारला जमलं नाही ते देवीने केलं, असं मी कॉलेजातल्या मित्रांना हसत सांगायचं ठरवलं होतं.

माघात डेप्युटी आले. शाळा तपासणारे अंमलदार. ठाण्याच्या कचेरीतून कर्जतपर्यंत गाडीने आणि पुढे बैलांच्या दमणीतून. काळा कोट, तपकिरीची डबी, मुलांशी प्रेमाने बोलणारे. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला भांडायला सोपं गेलं असतं.

त्यांनी पाढे ऐकले, वाचन घेतलं, शाबासकी दिली. मग त्यांची नजर खांबाशी बसलेल्या सदूवर गेली.

"हा कोणाचा?"

मी सांगितलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली नाही, उलट ते खूश झाले. "वा! गावाने हरकत घेतली नाही? हे कसं साधलंत, मास्तर?"

मी तोंड उघडायच्या आत पाटलांनी सांगितलं. मोठ्या अभिमानाने, छातीवर हात ठेवून. "देवीचा कौल घेतला, रावसायेब. भर मंडपात, समद्यांच्या देखत. उजवा पडला."

कौल म्हणजे यांच्या लेखी सगळ्यात पक्का दाखला. त्याच्यापुढे मामलेदाराचा शिक्का काय आणि लाटसाहेबाची सही काय. साहेब आपल्यासारखेच हात जोडतील, अशी त्यांची समजूत. डेप्युटींनी डबी काढली, चिमूट घेतली आणि डबी बराच वेळ मिटलीच नाही.

"म्हणजे सरकारी शाळेत प्रवेश देवीच्या कौलाने दिलात?"

"व्हय."

"मास्तर, हे चालायचं नाही." ते माझ्याकडे वळले. आवाज चढला नव्हता. "उद्या डावा कौल पडला तर? एखादं मुसलमानाचं मूल आलं तर त्याला पाकळीवर ठेवणार की पाकळीवर काढणार? सरकार धर्माच्या बाबतीत तटस्थ आहे. सरकारी शाळेचं दार कोण्या देवीच्या सांगण्यावरून उघडत नाही आणि बंदही होत नाही."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. तेच माझं दुखणं होतं. मी म्हणालो, "मग कौल राहू द्या, रावसाहेब. शाळा सर्वांना खुली आहे, या कलमावर त्याला ठेवा."

"शाळा खुलीच आहे. पण मंडप गावाचा आहे. देवळात कोणी यावं हा धर्माचा प्रश्न. त्यात सरकार हात घालत नाही." मग ते पाटलांना समजावू लागले. "सोपं आहे, पाटील. तुम्ही आणि चार प्रतिष्ठित मंडळींनी राजीखुशीने लिहून द्या, की हा मुलगा मंडपात बसण्यास आमची हरकत नाही. बस्स. मी वर कळवतो आणि मुलगा कायम."

माझा जीव भांड्यात पडला. एवढंच ना! दौत-लेखणी माझ्याच हातात होती.

"लिवा की," पाटील म्हणाले. "देवीच्या कौलापरमानं आमची हरकत नाय."

"कौल काढा त्यातून."

"कौल काढला," पाटील म्हणाले, "तर हरकत हाय."

"अहो, पण मुलगा तर तुम्हीच बसवलात!"

"आमी कुटं बसवला? देवीनं बसवला." पाटलांना साहेबांचं डोकं फिरलं आहे असंच वाटत होतं. "रावसायेब, आमच्या राजीखुशीनं म्हाराचं पोर मंडपात घेतलं आसं कागुदावर आलं, तर आमची जात काय म्हनंल? सोयरिकी तुटतील. पंचायत इचारंल, तर मी देवीकडं बोट दावीन. देवीचं नाव काढलं तर बोट कुनाकडं दावू? तुमच्याकडं?"

डेप्युटींनी डबीतली आणखी एक चिमूट घेतली. तिकडे त्यांनी बोट दाखवू देण्यासारखं नव्हतं. मी मधे पडलो. पाटलांचे हात धरले, साहेबांपुढे हात जोडले. देवीचं नाव समासात लिहू का, असंही विचारलं. साहेब हसले; पाटील हसले नाहीत. देवीचं नाव घातल्याशिवाय गाव सही करीना आणि नाव घातलं तर सरकार कागद घेईना. दोघांपैकी एकालाही पोराला घालवायचं नव्हतं. मी चिडून विचारलं, "मग आम्ही रोज सकाळी देवीची प्रार्थना म्हणतो, ती कशी चालते?"

ते मी बोलायला नको होतं असं नाही. बोलून काही झालं नाही, एवढंच. डेप्युटींनी पाटलांकडे पाहिलं.

"पार्थना बंद करायची आसंल," पाटील म्हणाले, "तर मंडप मोकळा करा."

डेप्युटींनी डबी मिटली. "प्रार्थना हा गावचा पूर्वापार रिवाज दिसतो. रिवाजात सरकार हात घालत नाही."

"शाळा येऊन तीन वर्षं झाली, रावसाहेब. पूर्वापार कुठला?"

"मास्तर," ते मला बाजूला घेऊन म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात थकवा होता, "माझ्या हाताखालच्या शाळा दरसाल बंद पडतात. मला ही चालू ठेवायची आहे. तुम्हाला नाही का?"

त्यांनी शेरा लिहिला. शाळा समाधानकारक. प्रवेश धर्माच्या आधारावर दिल्याने नियमबाह्य. मुलाचं नाव कमी करावं. दमणीत बसताना त्यांनी सदूच्या पाठीवर लांबूनच हात फिरवल्यासारखं केलं आणि खाऊला म्हणून काहीतरी त्याच्यापुढे टाकलं.

बायजाला सांगायचं काम माझं. ती रोजच्यासारखी खाली उभी होती. मी पायऱ्या उतरलो आणि होईल तेवढं सोपं करून सांगितलं.

"देवीनं हो म्हटलं का नाय?"

"म्हटलं."

"सरकारचं म्हननं काय, साळा समद्यांची हाय का नाय?"

"आहे."

"मंग दोगंबी हो म्हनत्यात," बायजा म्हणाली, "आन माजं पोर भाईर कसं?"

मी म्हणालो, मी तुझ्या घराशी येऊन त्याला शिकवीन. ती म्हणाली, दाखला द्याल? दाखला पटावर नाव असलेल्यालाच देता येतो. मी ठाण्याला वर लिहिलं, त्याच्याही वर लिहिलं. डेप्युटींचा शेरा योग्य आहे, असं उत्तर आलं. संध्याकाळी मी महारवाड्याच्या कडेला जाऊन सदूला बाराखडी सांगू लागलो, तर पाटलांच्या सुनेने माझं ताट पडवीच्याही बाहेर मांडायला सुरुवात केली. त्याला मी भीत नव्हतो. पण सदूच येईनासा झाला. दाखला नाही तर अक्षरं काय करायची, असं त्याच्या चुलत्याने म्हटलं म्हणे, आणि त्याला वेशीवर बसवायला सुरुवात केली.

फाल्गुनात गुरांना लाळ्या रोग आला. पाटलांचे दोन बैल बसले ते उठेनात. गोठ्यागोठ्यातून गुरं तोंडाला फेस आणून उभी. पाटील रात्रभर अंगणात फेऱ्या घालत. मला म्हणाले, "मास्तर, कारन तुमाला ठाव हाय. कौल मोडला."

"मग सोपं आहे," मी म्हणालो. "पोराला परत बसवा. देवी शांत होईल."

त्यांनी माझ्याकडे इतक्या केविलवाण्या नजरेने पाहिलं की मलाच लाज वाटली. "कसं बसवू, मास्तर? सरकार नको म्हनतंय. देवीचा कोप उताऱ्यानं तरी जाईल. सरकारचा कोप कशानं घालवू?"

उतारा ठरला. टोपलीत भात, नारळ, हळदकुंकू, लिंबाचा पाला आणि पाय बांधलेलं कोंबडं. ती टोपली गुरांवरून, माणसांवरून, गावावरून ओवाळायची आणि गावाच्या शिवेबाहेर नेऊन ठेवायची. ज्याच्या डोक्यावर टोपली, त्याच्याबरोबर देवीचा राग गावाबाहेर जातो. नेणाऱ्याने वाटेत बोलायचं नाही, मागे बघायचं नाही; बघितलं तर राग परत फिरतो. हे काम वेसकराचं. सदूचा चुलता त्याच आठवड्यात तापाने पडला होता.

मला कळलं तेव्हा टोपली मंडपाखाली भरून तयार होती आणि सदू तिच्याशेजारी उभा होता. कमरेला नवा करगोटा, कपाळाला कुंकू. मी शाळा तशीच सोडून धावलो.

"पाटील, हे पोर न्यायचं नाही! यालाच बाहेर काढलंत म्हणून देवी कोपली म्हणता, आणि तो कोप याच्याच डोक्यावर देता?"

पाटलांनी मान खाली घातली. "मंग कुनाच्या देऊ? काम त्याच्या घराचं हाय."

पदू गुरव हातात कुंकवाची कोयरी घेऊन उभा होता. मी त्याला म्हणालो, "तू तरी बोल." तो म्हणाला, "मी काय बोलू? मला इचारतंय कोन?" खरंच त्याला कोणी विचारत नव्हतं. मला तरी कोण विचारत होतं?

बायजा गर्दीतून पुढे आली. तिने टोपलीवर हात ठेवला. "मी नेते. पोराला सोडा."

"बाईच्या डोईवरनं जात नाय," पदू खालच्या आवाजात म्हणाला. ते खरं होतं, तशी रीतच होती. बायजाने त्याच्याकडे पाहिलं, मग पाटलांकडे, मग माझ्याकडे. माझ्याकडे ती जरा जास्त वेळ बघत राहिली. मी मास्तर होतो, सरकारचा माणूस होतो, आणि शाळा सर्वांना खुली आहे असं मीच तिला सांगितलं होतं. मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं.

मग तिने खाली वाकून स्वतःच्या हाताने चुंबळ सदूच्या डोक्यावर नीट बसवली. टोपली उचलून चुंबळीवर ठेवली. कोंबडं फडफडलं, तिने त्याचे पाय पुन्हा घट्ट केले.

"बोलायचं नाय," ती सदूला म्हणाली. "आन मागं बगायचं नाय. काय झालं तरी मागं बगायचं नाय, बाबा."

सदू निघाला. बाया घराघरांतून पाणी टाकत होत्या, माणसं बाजूला होत होती. मंडपात मागे माझी मुलं उभी होती, त्याच्याबरोबर बसलेली, त्याचा आडवा ग बघून हसलेली. कोणी तरी हळूच "सद्या" म्हणून हाक मारली. रस्ता देवळासमोरून सरळ शिवेपर्यंत जातो, शेवटपर्यंत दिसतो. त्याने एकदा तरी वळून बघावं, देवीकडे, शाळेकडे, नाही तर माझ्याकडे, आणि तो सगळा राग परत या गावात यावा, असं मला फार फार वाटत होतं. त्याने वळून बघितलं नाही.